आहेर कोणाच्या हातात?

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या रिसोडला लग्नसराई लागली की टॉवेल-टोपी, पॅन्टपीस आणि साड्या यांचा प्रवास सुरू होतो. एका मांडवात मिळालेला कपडा घडी न मोडता दुसऱ्या मांडवात जातो, तिथून तिसऱ्या. मान राखला जातो, पाहुणा नाराज होत नाही, पण तो कपडा बऱ्याचदा कोणाच्याच अंगाला लागत नाही. सोयाबीन-तूर विकून हातात आलेला पैसा असा घड्यांमध्ये अडकून पडतो, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून यंदा आमच्या घरात आहेरावरून जो वाद झाला, तो लिहून ठेवावासा वाटला.

चुलत भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. सासर सेनगावकडचं, म्हणजे शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातलं. माझी मुलगी पुण्याला एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आहे. बहिणीला पाच हजारांचं गिफ्ट कार्ड द्यायचं, असं तिनं ठरवलं. माझ्या भावाचं इथे कापडाचं दुकान आहे आणि त्याची हयात लोकांचे बस्ते बांधण्यात गेली. त्याला हे कार्ड काही पटेना. भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना, दुकानाच्या गादीवर दोघं बोलत बसले आणि मी ऐकत राहिले.

मामा: हे गिफ्ट कार्ड म्हणजे काय, ते मले एकदा सरळ सांग. नवरीच्या हाती पडते काय?

भाची: बहुतेक वेळा मोबाइलवर एक नंबर येतो, मामा. पैसे मी आधी भरते. तो नंबर दाखवला की तेवढ्या रकमेचा माल मिळतो. रंग तिचा, पसंती तिची.

मामा: म्हणजे पैसा आज दुकानदाराच्या गल्ल्यात. माल नवरी जाईन तवा. आन् नाही गेली तर?

भाची: तर पैसे त्याच्याकडेच राहतात. हे खरं आहे.

मामा: मंग हा आहेर दुकानदाराले झाला न माय! माह्यं सोताचं दुकान हाये म्हणून सांगतो, असा बिनव्याजी पैसा कोणाले नको? मले उन्हाळ्यात माल भराले सुरतच्या व्यापाऱ्याले आगाऊ पैसे पाठवा लागते. कोणी पाच-पन्नास लोक येऊन म्हणले, पैसे घे, कपडा पुढच्या वर्षी नेतो, तर मी त्याइले चहा पाजीन.

भावानं पहिल्या झटक्यात बोट ठेवलं ते नेमक्या जागी. कार्ड घेणारा माणूस दुकानाला उसने पैसे देत असतो, आणि ते वसूल करण्याची जबाबदारी ज्याला भेट दिली त्याच्यावर टाकत असतो. रंगीत पाकीट आणि शुभेच्छांच्या ओळी पाहताना हा व्यवहार डोळ्यांआड होतो.

भाची: पण मग तुमच्या टॉवेल-टोपीचं काय? अमेरिकेत येल विद्यापीठात जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थतज्ज्ञानं विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की नाताळात मिळालेली वस्तू तुम्ही स्वतः किती पैशांना घेतली असती? त्याचा लेख १९९३ मध्ये छापून आला. देणाऱ्यानं जेवढे पैसे खर्च केले, त्यापेक्षा घेणाऱ्याच्या लेखी वस्तूची किंमत दहा टक्क्यांपासून थेट एक-तृतीयांशापर्यंत कमी भरली. म्हणजे हजाराची साडी दिली तर मिळणाऱ्याला ती सातशे-नऊशेची वाटते. तुमच्या या कपाटातल्या पॅन्टपीसचा हिशेब केला तर काय निघेल?

मामा: त्याहून खराब निघीन, मले माहीत हाये. आहेराचं म्हणून जे कापड लोक मागतात, ते सोतासाठी कोणी घेत नाई. पण त्या साहेबानं रोख पैशाचं काय सांगतलं?

भाची: रोख दिली तर घट नाही. शंभराचे शंभर.

मामा: झालं तर मंग! तुह्याच माणसानं माह्यं पाकीट खरं केलं. पाचशे एक घाल, नाव लिही, दे. सेनगावात चालते, रिसोडात चालते, मुदत नाई, नंबर नाई.

मला वाटलं, वाद इथेच संपला. रोखीला तोड नाही, हे माझी मुलगीही कबूल करत होती. पण ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिनं जे काढलं, ते या सगळ्या बोलण्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं.

भाची: मामा, पाकीट कोणाला मिळतं, ते सांगा. स्टेजवर आपण नवरीच्या हातात देतो. ती ते शेजारी बसलेल्या काकाकडे देते. काका आहेराच्या वहीत नाव लिहितो आणि पाकीट पिशवीत टाकतो. रात्री पिशवी मोजली जाते. मंडपवाला, आचारी, बँडवाला यांची देणी त्यातून भागतात. सकाळी पोरगी सासरी. त्या पिशवीतला एक रुपया तरी तिच्यासोबत जातो का?

मामा: बापाचा खर्च भागते. बाप काय परका हाये?

भाची: परका नाही. पण मग तो आहेर बापाला झाला, असं म्हणा. नवरीला झाला असं म्हणू नका.

मामा: हे पाह्य, त्याले तू नाव ठेवू नको. बाप कर्ज काढून लग्न लावते. त्या वहीत लिहिलेला एकेक रुपया त्यानं आधी लोकाइच्या मांडवात दिलेला असते, नाईतर पुढं द्यायचा असते. ही गावाची उसनवारी हाये. वही हाये म्हणून गरिबाच्या घरचा मांडव उभा राह्यते.

भाची: मग वहीत नाव लिहून पाकीट द्यायचं ते तुम्ही द्या, माझ्या आईच्या नावानंही द्या. मी त्याच्या आड येत नाही. पण मला जे द्यायचं आहे ते माझ्या बहिणीला द्यायचं आहे. तिचं शिक्षण बारावी. नोकरी नाही. सासरी गेल्यावर पहिले सहा महिने तिला स्वतःसाठी काही घ्यायचं झालं तर कोणाकडे मागावं लागेल? तिच्या नावावर पाच हजार असले तर तिला विचारावं लागणार नाही. म्हणून मला कार्ड हवं आहे.

भाऊ यावर लगेच बोलला नाही. मीही नाही. मांडवातला आहेर दोन प्रकारचा असतो, हे इतक्या वर्षांत मला कोणी असं मांडून दाखवलं नव्हतं. एक घराला, दुसरा मुलीला. पहिला वहीत जातो आणि परत फिरतो. दुसरा फिरत नाही, म्हणून तो कोणी लिहून ठेवत नाही, आणि म्हणूनच तो फार थोड्या मुलींच्या वाट्याला येतो. पूर्वी आजी-मावशी पदराखालून नवरीच्या मुठीत जी नोट कोंबत, ती हीच.

मामा: बरं. मानलं. मंग आता तुह्या कार्डाचा नंबर कोणाच्या मोबाइलवर जाईन?

भाची: तिच्या.

मामा: कोणत्या? लग्न झालं की पोरीचं सिम बदलते. जुना मोबाइल लहान्या भावाले जाते, सासरी नवा भेटते, त्याच्यावर नवऱ्याच्या नावाचं सिम. तू आज जुन्या नंबरावर कार्ड पाठवलं तर पाहीन कोण? तिचा भाऊ. त्यानं त्यात बूट घेतले तर तुले पत्ता तरी लागीन का?

भाची: हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मामा: आन् ई-मेल?

भाची: तिचा ई-मेल बारावीच्या फॉर्मसाठी नेट कॅफेवाल्यानं काढून दिला होता. पासवर्ड त्याच्याच वहीत असेल.

कार्ड विकणाऱ्या जाहिरातींत हा प्रश्न कधी येत नाही. तिथे प्रत्येक माणसाचा स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा ई-मेल गृहीत धरलेला असतो. आपल्याकडे कार्ड घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच. ज्या नंबरावर ते जाणार, तो नंबर वर्षभर कोणाच्या हातात राहणार आहे? कारण कार्डाची सूचना त्याच नंबरावर येते. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये प्रीपेड साधनांसाठी जे निर्देश काढले, त्यांत एक चांगली तरतूद आहे. मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कार्ड देणाऱ्या संस्थेनं ग्राहकाला मधूनमधून आठवण करून द्यायची, आणि तीही ग्राहकानं सुरुवातीला निवडलेल्या भाषेत. मराठी निवडली तर मराठीत. पण आठवण बंद पडलेल्या सिमवर आली तर तिचा उपयोग काय?

मुलीनं मग नियमच सांगायला घेतले. ती रोज हेच काम करते. दिवाळीला कंपनीतल्या लोकांची कार्डं तिच्या हातून जातात.

भाची: बँकेनं किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या कंपनीनं दिलेलं गिफ्ट कार्ड जास्तीत जास्त दहा हजारांचं असतं. एकदा भरलं की त्यात पुन्हा पैसे टाकता येत नाहीत. एटीएममधून काढता येत नाहीत, दुसऱ्याच्या खात्यात पाठवताही येत नाहीत. मुदत कमीत कमी एक वर्ष.

मामा: मंग एक वर्षानं संपलं? पैसे बुडाले?

भाची: इथेच लोक फसतात. बुडत नाहीत. कार्डधारकानं मागणी केली तर गिफ्ट कार्डाची मुदत वाढवून द्यावी लागते, हवं तर नवं कार्ड देऊन. आणि मुदत संपल्यावर शिल्लक रक्कम मागितली तर ती बँक खात्यात द्यावी लागते. बँक सोडून इतर कंपन्यांनी असं कार्ड काढलं असेल, तर मुदत संपल्यावर किमान तीन वर्षं ती शिल्लक त्यांना आपल्या नफ्यात घेता येत नाही. पण मागावं लागतं. कोणी मागत नाही. आमच्या कंपनीत शिकलेली माणसं आहेत, त्यांचीही कार्डं तशीच पडून राहतात. कोणाचे अडीचशे राहिलेले, कोणाचे चाळीस.

मामा: आन् कंपनीनं नाई दिले तर?

भाची: आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रारीला पैसे पडत नाहीत.

मामा: आता मले सांग, हे बँकेचं कार्ड सेनगावात कुठी चालीन?

भाची: जिथे कार्ड घासायचं यंत्र आहे तिथे सगळीकडे.

मामा: यंत्र! माह्या दुकानात होतं. भाडं लागत होतं, मी परत केलं. आता या रांगेत चौकटीचा कागद चिकटवलेला हाये सगळ्याच्या गल्ल्यावर, क्यूआर. तुह्यं कार्ड त्याच्यावर चालते का?

भाची: नाही. ते यूपीआय आहे, खात्यातून जातं. गिफ्ट कार्ड तसं चालत नाही.

मामा: मंग बारा महिने ते पोरीच्या पर्समध्येच राह्यते. तिले बांगड्या घ्यायच्या त्या बाजारात क्यूआर हाये, आन् जिथी यंत्र हाये तिथी तिचं जाणं नाई. आन् मोठ्या दालनाचं घेतलं तर शाखा अकोल्याले. बायाइले एसटीत अर्ध तिकीट झालं २०२३ पासून, मान्य. पण ती एकटी जाईन का? सोबतच्याचं पूर्ण तिकीट, दोघाइचं खाणं, एक दिवसाची मजुरी. पाच हजाराच्या कार्डाले हजार रुपये वर.

भाची: ऑनलाइन दुकानाचं दिलं तर? आता माल सेनगावला घरपोच येतो.

मामा: येते. पण मापाचा निघाला नाई, परत केला, तर पैसे कुठी जातात?

भाची: पुन्हा कार्डाच्या शिल्लकीत. खात्यात येत नाहीत.

मामा: म्हणजे त्या दुकानातून सुटका नाईच.

भाची: त्या दुकानातून नाही. पण त्या दुकानात चपलांपासून पुस्तकांपर्यंत सगळं आहे. तिला डी.एड.ची तयारी करायची आहे, पुस्तकं मागवता येतील. तुमच्या दुकानात पुस्तकं मिळतात का?

भावाला हसू आलं. मला मात्र त्याचा यंत्र आणि क्यूआरचा मुद्दा सहज सोडून द्यावासा वाटत नाही. तालुक्याच्या गावांनी कार्डाचा टप्पा ओलांडून थेट मोबाइलच्या व्यवहारात उडी घेतली आहे. शहरात बसून ‘कुठेही चालतं’ असं लिहिलेलं कार्ड आपण पाठवतो. ते ‘कुठेही’ आपल्या बाजारात येऊन थांबतं. कार्ड घेणाऱ्यानं आपल्या सोयीचं दुकान पाहू नये. ज्याला द्यायचं त्याच्या घरापासून पायी जाता येईल अशा अंतरावर ते चालतं का, एवढं फोन करून विचारावं. आणि आणखी एक, ते थोडं थोडं वापरता येतं की एकाच बिलात संपवावं लागतं? दोन हजारांचं कार्ड, सतराशे चाळीसची साडी. उरलेले दोनशे साठ शिल्लक राहणार की दुकानदार ‘आणखी काही घ्या’ म्हणणार? दुसऱ्या प्रकारात माणूस गरज नसताना खिशातले आणखी पैसे घालून बाहेर पडतो.

मामा: माह्या दुकानात मी चिठ्ठी देतो, ती चांगली नाई का मंग? बस्ता बांधायले येतात तवा मुलीचा बाप म्हणते, या दहा पाहुण्याइले चिठ्ठ्या द्या, ते येऊन आपल्या पसंतीनं नेतीन. मी कागदावर रक्कम लिहितो, सही करतो.

भाची: ते तुमचं गिफ्ट कार्डच आहे, मामा! फक्त एका दुकानाचं. पण एक लक्षात घ्या. जे कार्ड ज्या दुकानानं काढलं त्याच दुकानात चालतं, त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, आणि मी आत्ता सांगितलेले मुदतीचे, परताव्याचे नियमही त्याला लागू नाहीत. तिथे आधार ग्राहक संरक्षण कायद्याचा, २०१९ चा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. नाहीच ऐकलं तर वाशीमचा जिल्हा ग्राहक आयोग.

मामा: माह्यावर कोणी आयोगात जाणार नाई. चाळीस वर्षांचं दुकान हाये. लोक मले ओळखतात.

भाची: ओळखतात म्हणूनच चिठ्ठी चालते. २०१९ मध्ये डोंबिवली-ठाण्याकडे गुडविन ज्वेलर्सची दुकानं दिवाळीच्या तोंडावर बंद झाली. लोकांनी महिन्या-महिन्याला सोन्याच्या भिशीत पैसे भरले होते. त्यांचाही विश्वासच होता. दाराला कुलूप, लोक बाहेर उभे.

मामा: तेच तर मी पह्यलेपासून सांगून राह्यलो! माल हाती नाई तोवर पैसा आपला नाई.

भाची: म्हणून कार्ड घेऊन ठेवायचं नाही. वापरायचं. लग्नात दिलं तर महिन्याच्या आत तिनं काय घ्यायचं ते घ्यावं, असं मी तिला सांगणार. ऑफरमध्ये स्वस्त मिळतं म्हणून दिवाळीला घेऊन वैशाखातल्या लग्नात द्यायचं, हेही करायचं नाही. मुदत घेतल्या दिवसापासून मोजतात. अर्धं वर्ष माझ्याच कपाटात जातं.

सवलतीबद्दल मुलीनं एक गोष्ट सांगितली ती उपयोगाची आहे. घरी फ्रिज घ्यायचाच आहे, दुकान ठरलं आहे, आणि त्याच दुकानाचं कार्ड पाच-सात टक्के कमी किमतीत मिळतं आहे, तर ते घेऊन त्याच दिवशी वापरणं शहाणपणाचं. मात्र एका बिलावर किती कार्डं चालतात ते आधी विचारावं. पण निम्म्या किमतीत कार्ड विकणारे जे मोबाइलवरच्या ग्रुपांमध्ये सापडतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. दहा हजारांचं कार्ड पाच हजारांना देणाऱ्यानं ते एकतर चोरीच्या पैशातून घेतलेलं असतं किंवा त्यात काही नसतंच.

चोरीचा विषय निघाल्यावर भाऊ सरसावून बसला.

मामा: आमच्या ओळखीच्या एका रिटायर गुरुजीले मेसेज आला होता. मोठ्या साहेबाचा फोटो, नाव. मी मीटिंगमध्ये हाये, फोन करू नका, चार कार्डं घ्या, नंबर पाठवा, संध्याकाळी पैसे देतो. गुरुजी माह्याकडं विचाराले आले, हे कार्ड कुठी भेटते म्हणून. मले काय माहीत? मी म्हणलं, गुरुजी, ज्या साहेबाले आपल्या पोरासाठी कार्ड घ्यायचं असीन त्याच्याकडं शिपाई नाई का?

भाची: तुम्ही त्यांचे पैसे वाचवले. हा धंदा जुना आहे आणि तो आपल्या महाराष्ट्रातूनही चालला. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा सातशेहून जास्त पोरं ताब्यात घेतली होती. ती अमेरिकेतल्या लोकांना तिथल्या कर खात्याचे अधिकारी म्हणून फोन करायची. कर थकला आहे, अटक होईल, अशी धमकी. आणि वसुली कशी? दुकानात जा, गिफ्ट कार्ड घ्या, मागचा नंबर खरवडा आणि फोनवर वाचून दाखवा.

मामा: कार्डच कायले? खात्यात काहून नाई घेतले?

भाची: खात्यात घेतले तर माग राहतो. बँक रोखू शकते. कार्डाचा नंबर ज्यानं ऐकला तो लगेच तो वापरून टाकतो किंवा विकतो. कार्ड माणसाच्या हातातच असतं, आणि आतले पैसे गेलेले असतात.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी सावधगिरी त्यातून निघते. खरवडलेला नंबर म्हणजे उघड्या मुठीतली नोट. तो सांगितला की दिला. सरकारी खातं, पोलीस, वीज कंपनी, बँक, यांतलं कोणीही कधीही गिफ्ट कार्डात पैसे मागत नाही. मागितलं की ओळखावं. नंबर सांगून झालाच असेल तर लाजून घरात बसू नये. ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा, कार्ड देणाऱ्या कंपनीला कळवावं, आणि कार्ड व पावती दोन्ही जपून ठेवावी. दुकानातून कार्ड घेताना खरवडायची पट्टी आधीच कोणी छेडलेली नाही ना, ते पाहावं. आणि ज्याला दिलं त्यालाही हे सांगावं. नव्या घरात गेलेल्या मुलीला कोणी फोन करून ‘ताई, तुमचं कार्ड चालू करायचं आहे, नंबर सांगा’ म्हणालं, तर तिनं काय करायचं हे तिला आधी माहीत असायला हवं.

मामा: एवढं सगळं सांभाळण्यापेक्षा मी तिच्या खात्यात पाच हजार टाकतो. खातं तिचं हाये न? शिष्यवृत्तीचं?

भाची: आहे. बारावीपर्यंत चालू होतं. पासबुक कोणाकडे आहे?

मामा: बापाकडं.

भाची: एटीएम कार्ड?

मामा: ते विचारा लागीन.

भाची: मग आधी ते विचारू या. ते तिच्या हातात असेल आणि खात्याला तिचा स्वतःचा नंबर जोडलेला असेल, तर तुम्ही म्हणता ते बरोबर. मी कार्ड घेत नाही, खात्यात टाकते. रोखीला घट नाही, हे मीच सांगितलं आहे.

मामा: आन् नसीन तर?

भाची: तर लग्नाआधी तिला सोबत घेऊन एक दिवस बँकेत जायचं. नंबर बदलून घ्यायचा. ते होईपर्यंत पुस्तकांसाठी ऑनलाइन दुकानाचं दोन हजारांचं कार्ड, तिच्या नव्या सिमवर, तिच्या समोर बसून. आणि उरलेल्या तीन हजारांची तुमची चिठ्ठी.

मामा: माह्या दुकानाची? तू तर आताच गुडविन सांगत होती.

भाची: माहेरपणाला ती रिसोडला येईलच. बाजारात येईल, तुमच्या दुकानात येईल. तिला कुठे अकोल्याला जावं लागणार नाही. पण चिठ्ठी नीट करायची. तिचं नाव, रक्कम, तारीख, क्रमांक. थोडं थोडं घेता येईल, आणि दर वेळी उरलेली रक्कम मागच्या बाजूला लिहून तुमची सही. दुसरी प्रत तुमच्या वहीत, म्हणजे चिठ्ठी हरवली तरी हिशेब हरवणार नाही. मुदत लिहायची नाही.

मामा: मुदत नाई? दहा वर्षांनं आली तर?

भाची: अमेरिकेत २००९ च्या कायद्यानं किमान पाच वर्षं दिली आहेत. तुम्ही दहा द्या.

मामा: मी इसही देईन. पण मंग त्याच्यात तिचं नुसकान हाये. तीन हजारात आज जी पैठणी... बरं, पैठणी नको म्हणू, जी बरी सिल्कची साडी येते, ती दहा वर्षांनं येईन का? माह्या बापाच्या चिठ्ठ्याइवर रुपये नसत. ‘एक लुगडं, एक खण’ असं लिहीत. लुगड्याचे भाव वाढले तरी लुगडं ते लुगडंच.

भाची: पण कोणतं लुगडं? तिनं उंची काढलं आणि तुम्ही साधं दाखवलं, तर भांडण. रुपये लिहिले की भांडण नाही.

मामा: माह्या बापाचं कोणाशी भांडण झालं नाई.

भाची: तुमच्या बाबांच्या वेळी लुगड्यांचे प्रकार तरी किती होते? तुमच्या या भिंतीवर आज शंभर आहेत.

भावानं गल्ल्यातून कोऱ्या पावत्यांचं पुस्तक काढलं, पेनाचं टोपण उघडलं. वर तारीख आणि नवरीचं नाव लिहिलं, आणि रक्कम लिहायची की साडी लिहायची यावर दोघं पुन्हा सुरू झाले. तेवढ्यात शिरपूरकडचं एक कुटुंब बस्त्यासाठी आलं. माणसं अकरा होती. भावानं पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि तो साड्या काढायला उठला. मी रक्कम लिहिली, तीन हजार. आणि खाली, त्यानं काही म्हणायच्या आत, ‘किंवा तेव्हाच्या भावानं एक सिल्कची साडी, नवरीच्या मर्जीप्रमाणे’ अशी ओळ घातली. तोटा झाला तर तो आमच्या घरातल्या दुकानाला होईल, आणि तो होऊ द्यायला माझी हरकत नाही.